कपाटातल्या हार्ड डिस्कचीही तपासणी हवी

‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे. फॉरमॅट करायची का?’ वर्षभर कपाटात ठेवलेली पोर्टेबल हार्ड डिस्क संगणकाला जोडली आणि पडद्यावर विंडोजची ही चौकट उमटली, की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. आत बहिणीच्या लग्नाचे शूटिंग असते, मुलांचे पहिल्या वाढदिवसापासूनचे फोटो असतात, पीएचडीसाठी गोळा केलेल्या मुलाखती असतात, एखाद्या दिवाळी अंकाच्या वीस वर्षांच्या फाइली असतात. गांगरलेला माणूस अशा वेळी ‘होय’वर क्लिक करून मोकळा होतो, कारण संगणकच तसे सुचवत असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा कोणत्याही शहरातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात चौकशी केली, तर ‘डेटा गेला’ म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी अनेकांनी येण्यापूर्वी हेच केलेले असते.

त्या चौकटीचा खरा अर्थ इतकाच, की आत काय कुठे ठेवले आहे याची नोंद संगणकाला वाचता येत नाही. फोटो बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. वाचनालयाची दाखल नोंदवही भिजून तिची पाने चिकटावीत आणि पुस्तके मात्र फडताळात शाबूत असावीत, तशी ही अवस्था आहे. डिस्कवरची ही नोंदवही म्हणजे फाइल सिस्टिम. कोणती फाइल कोणत्या सेक्टरपासून सुरू होते, तिचे तुकडे कुठे कुठे आहेत, कोणती जागा रिकामी आहे, नाव काय, तारीख काय, हे सारे तिच्यात असते. क्विक फॉरमॅट केले की ही जुनी नोंदवही बाजूला पडून नवी कोरी उघडली जाते. मजकूर लगेच पुसला जात नाही, म्हणून तज्ज्ञ माणूस तो बराचसा परत मिळवू शकतो. मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढे ‘फुल फॉरमॅट’ केले, तर संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात. मग कोणीच काही करू शकत नाही.

इतके महत्त्वाचे काम करणाऱ्या या नोंदवहीची तपासणी किती घरांत, किती स्टुडिओंत, किती संस्थांत होते? जवळजवळ कुठेच नाही. डिस्क विकत आणली, तिच्यात सगळे भरले आणि ती गादीखाली किंवा दागिन्यांच्या लॉकरमध्ये ठेवली, की जपणूक झाली असा सार्वत्रिक समज आहे. या समजापायी जे हरवते आहे ते कोणाच्या हिशेबातही येत नाही.

मुळात बाहेरून जोडायची डिस्क ही आतल्या डिस्कपेक्षा अधिक नाजूक परिस्थितीत काम करते. ती खिशातून, बॅगेतून फिरते. केबल सैल असते. जुन्या यूएसबी २.० खोबणीतून नियमानुसार ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, ३.० मधून ९००. त्यातच चार उपकरणे एका स्वस्त हबवर लावली, तर फिरणारी तबकडी मध्येच अडखळते. आज ती विंडोजला जोडली जाते, उद्या मित्राच्या मॅकला, रात्री टीव्हीला. सिनेमा संपला की टीव्हीतून सरळ उपटून काढली जाते.

या भटक्या वापरामुळेच पोर्टेबल डिस्कवर बहुधा एक्सफॅट ही फाइल सिस्टिम असते, आणि तिचा स्वभाव प्रत्येकाने समजून घ्यायला हवा. फॅट या घराण्याचा जन्म १९७७ चा, फ्लॉपीच्या काळातला. त्यातली फॅट३२ ही १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. तिच्यात ४ जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही. पेनड्राइव्हमध्ये लग्नाचा व्हिडिओ टाकताना ‘फाइल फार मोठी आहे’ असे का येते, याचे उत्तर इथे आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीसाठी १९९३ मध्ये आणलेली एनटीएफएस अधिक भक्कम आहे, पण मॅक ती फक्त वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. म्हणून २००६ मध्ये आलेली एक्सफॅट हा मधला पूल ठरला. मोठ्या क्षमतेच्या एसडीएक्ससी कार्डांसाठीही तीच ठरवली गेली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केला आणि लिनक्समध्येही ती रुळली.

सोय मोठी, पण तिची किंमत आहे. एनटीएफएसमध्ये जर्नल असते: नोंदींत कोणता बदल करायचा आहे हे आधी एका वेगळ्या जागी टिपून ठेवले जाते आणि मग प्रत्यक्ष बदल होतो. मध्येच वीज गेली, तरी पुढच्या वेळी ते टिपण वाचून नोंदी सावरता येतात. फाइलचा मजकूर अर्धा लिहिला गेला असेल तर तो पुरा होत नाही, पण बाकीचा पसारा तरी सुटत नाही. एक्सफॅटमध्ये जर्नलच नाही. फॅट३२ मध्ये मुख्य तक्त्याच्या सहसा दोन प्रती असतात, एक्सफॅटमध्ये सर्वसाधारणपणे एकच. एक साधी फाइल कॉपी करताना फोल्डरमधली नोंद, रिकाम्या जागेचा नकाशा आणि प्रत्यक्ष मजकूर असे तीन ठिकाणी लिहावे लागते. दोन ठिकाणी लिहून झाले आणि तेवढ्यात केबल निघाली, तर नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. बिघाड त्याच दिवशी दिसेल असेही नाही. जी जागा भरलेली आहे ती रिकामी समजून महिन्याभराने तिथेच दुसरी फाइल लिहिली जाते, आणि तेव्हा पहिली खरोखर जाते. तपासणी वेळेवर करायची ती याच्यासाठी. नोंदींतली चूक आणि मजकुराचा नाश यांच्यामध्ये पुष्कळदा काही आठवडे असतात, आणि तेवढ्या काळात चूक सापडली तर नुकसान टळते.

‘सेफली रिमूव्ह’ करण्याचा कंटाळा हा या सगळ्याचा उगम. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण आपोआप लागू झाले, म्हणजे लिहायचा मजकूर संगणकाच्या मेमरीत फार वेळ थांबवून ठेवला जात नाही. ही बातमी अर्धीच लोकांपर्यंत पोचली आणि आता काही न करता डिस्क ओढून काढली तरी चालते, असा तिचा अर्थ लावला गेला. कॉपी चालू असताना ओढली तर हे धोरण काही वाचवत नाही, आणि मॅक किंवा लिनक्सला तर ते लागूच नाही. लिनक्सवर कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोचल्यानंतरही बराच मजकूर मेमरीतच असू शकतो. ‘इजेक्ट’ दाबून दिवा शांत होईपर्यंत थांबायला काही सेकंद लागतात. तेवढे थांबावेच.

आता प्रत्यक्ष तपासणी. विंडोजमध्ये डिस्कच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग टूल्स, मग ‘चेक’. मॅकवर डिस्क युटिलिटीतले ‘फर्स्ट एड’. लिनक्सवर ‘एफएससीके’ कुळातली आज्ञा, आणि तीही डिस्क अनमाउंट करूनच. वापरात असलेल्या फाइल सिस्टिमवर दुरुस्ती चालवली तर धडधाकट डिस्कही बिघडू शकते. ज्यांना आज्ञा टाइप करायची सवय आहे त्यांनी विंडोजची चेकडिस्क आधी कोणताही पर्याय न देता चालवावी. त्या रूपात ती फक्त पाहते, काही बदलत नाही. एनटीएफएस डिस्कवर ती एकेक टप्पा पडद्यावर सांगत जाते: पहिल्यात फाइल सिस्टिमची मूळ रचना, दुसऱ्यात फाइलींची नावे आणि फोल्डर यांचे दुवे, तिसऱ्यात सुरक्षेच्या नोंदी. ‘एफ’ हा पर्याय दिला तर सापडलेल्या चुका दुरुस्त होतात. ‘आर’ दिला तर आणखी दोन टप्पे जोडले जातात आणि डिस्कचा कानाकोपरा वाचून खराब सेक्टर शोधले जातात. सेकंदाला १०० एमबी या वेगाने २ टीबीची डिस्क पूर्ण वाचायला साडेपाच तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणून हे काम रात्री लावावे, आणि लॅपटॉप झोपी जाणार नाही याची सेटिंग आधी पाहावी.

दुरुस्तीनंतर डिस्कवर कधीकधी ‘फाउंड’ आणि पुढे तीन शून्ये अशा नावाचा लपलेला फोल्डर दिसतो. त्यात ‘फाइल ००००’ अशा क्रमाने बिननावाचे तुकडे असतात. कोणत्या फोटोचे, कोणत्या पत्राचे, ते कळायला मार्ग नसतो. लिनक्समध्ये अशाच अनाथ तुकड्यांसाठी ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डर असतो. लोक तो कचरा समजून उडवतात. तसे करू नये. त्यातले पुष्कळ तुकडे प्रत्यक्षात अख्ख्या फाइली असतात आणि फक्त नाव हरवलेले असते.

इथे एक इशारा ठळकपणे द्यायलाच हवा, कारण इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले तो देत नाहीत. चेकडिस्क किंवा फर्स्ट एड यांचा हेतू फाइल सिस्टिम सुसंगत करणे हा आहे, तुमचा डेटा वाचवणे हा नव्हे. न जुळणारी नोंद कापून टाकली की रचना सुसंगत होते, आणि त्या नोंदीबरोबर आख्खा फोल्डरही जाऊ शकतो. त्यात डिस्क भौतिकदृष्ट्या खराब होत असेल, म्हणजे आतून टकटक आवाज येत असेल, एखादी फाइल उघडायला मिनिटे लागत असतील, डिस्क मध्येच नाहीशी होऊन परत दिसत असेल, तर ‘आर’ पर्यायाने तिला रात्रभर पिळणे हा तिचा शेवट ठरू शकतो. अशा वेळी क्रम उलटा असावा. आधी जे निघते ते दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यायचे. जीएनयूचे डीडीरेस्क्यू हे मोफत साधन याच कामासाठी आहे: ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते आणि हट्टी सेक्टरांशी झटापट शेवटी करते. मग त्या उतरवलेल्या प्रतीवर दुरुस्तीचे प्रयोग करायचे. आवाज करणारी डिस्क उघडून पाहणे किंवा फ्रीजरमध्ये ठेवणे हे ऐकीव उपाय तर अजिबात करू नयेत. तबकडी आणि तिच्यावरून तरंगणारे हेड यांच्यातले अंतर काही नॅनोमीटरचे असते. धुळीचा कण किंवा बाष्पाचा थेंब तिथे दगडासारखा आदळतो.

डिस्कची प्रकृती आधी कळत नाही का? थोडीफार कळते. प्रत्येक डिस्क ‘स्मार्ट’ नावाची स्वतःची नोंद ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने ती वाचता येते. बदली केलेले सेक्टर, वाचता न आल्यामुळे प्रलंबित असलेले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर, हे तीन आकडे शून्यावर असावेत. ते वाढू लागले की नवी डिस्क आणायची वेळ झाली. पण आकडे शून्य आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलच्या एदुआर्दो पिन्हेरो, वुल्फ-डीट्रिख वेबर आणि लुइझ आंद्रे बारोसो यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली स्कॅन त्रुटी दिसल्यानंतर ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, अशी त्रुटी न दिसलेल्या डिस्कांच्या तुलनेत ३९ पट असल्याचे त्यांना आढळले. त्याच अभ्यासात हेही दिसले, की बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक, ५६ टक्के डिस्कांनी सर्वांत भरवशाच्या चार खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. इशारा मिळाला तर तो मानावा, पण मिळेलच असे गृहीत धरू नये.

एसएसडी घेतली की ही कटकट संपते, असेही नाही. तबकडी नाही म्हणून धक्का सोसते, हे खरे. पण २०२३ मध्ये सॅनडिस्क एक्स्ट्रीम मालिकेतल्या काही पोर्टेबल एसएसडी वापरात असतानाच संगणकावरून गायब होऊ लागल्या, डेटा गेल्याच्या तक्रारी आल्या, कंपनीला फर्मवेअरची दुरुस्ती द्यावी लागली आणि अमेरिकेत ग्राहकांनी खटले भरले. शिवाय एसएसडीतला मजकूर विद्युतभाराच्या रूपात असतो. खूप वापरून झिजलेली एसएसडी वर्षानुवर्षे विजेविना, उष्ण जागी पडून राहिली तर तो भार ओसरत जातो. लॉकरमध्ये दहा वर्षे ठेवण्याची ती वस्तू नव्हे.

आणि एक बिघाड असा आहे की तो चेकडिस्कलाही दिसत नाही. नोंदवहीत पुस्तकाचे नाव आहे, फडताळात पुस्तकही आहे, पण आतली पाने कसरीने खाल्ली आहेत. नोंद आणि पुस्तक यांची गाठ घालून दिली की तपासणीचे काम संपते. पाने कोणी उलगडत नाही. नेटअ‍ॅप कंपनीच्या साठवण यंत्रणांतल्या १५.३ लाख डिस्कांचा ४१ महिन्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मजकूर मुकाट्याने बदलल्याची चार लाखांहून अधिक उदाहरणे चेकसमच्या, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेल्या खुणेच्या, पडताळणीत सापडली, आणि स्वस्त साटा डिस्कांमध्ये हे प्रमाण महागड्या डिस्कांहून कितीतरी जास्त होते. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस किंवा लिनक्सवरची बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम प्रत्येक तुकड्याचा चेकसम ठेवतात आणि वाचताना तो ताडून पाहतात. एनटीएफएस, एक्सफॅट आणि अ‍ॅपलची २०१७ पासूनची एपीएफएस फाइलच्या मजकुरासाठी तसे करत नाहीत. तिथे ही काळजी वापरणाऱ्यानेच घ्यायची.

त्यासाठी फार काही लागत नाही. फाइलचा एसएचए-२५६ चेकसम म्हणजे ६४ अक्षर-अंकांची एक ओळ. फाइलमधला एक बिट बदलला तरी ती पूर्ण वेगळी येते. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींत ती काढण्याची आज्ञा आधीपासून असते. फाइली डिस्कवर टाकताना या ओळींची यादी करून ठेवावी, आणि वर्षाने पुन्हा काढून ताडावी. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पुढाकाराने घडलेली ‘बॅगइट’ ही पद्धत हेच करते: एका फोल्डरमध्ये मजकूर, शेजारी चेकसमची यादी, बस्स. २०१८ मध्ये तिचा तपशील इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत समाविष्ट झाला. तिला सर्व्हर लागत नाही, परवाना लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

महाराष्ट्राला या सगळ्याची गरज इतरांपेक्षा कमी नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. ती बातमी झाली, हळहळ झाली, चौकशी झाली. एखाद्या नाट्यसंस्थेच्या तीस वर्षांच्या प्रयोगांचे रेकॉर्डिंग असलेली डिस्क डिटेक्ट होईनाशी होते, तेव्हा धूर निघत नाही. संस्थेचे कार्यवाह दुकानात जातात, रिकव्हरीचा आकडा ऐकतात आणि डिस्क पुन्हा कपाटात ठेवतात. गावोगावच्या वाचनालयांनी दुर्मीळ पुस्तके स्कॅन करून घेतली, मंडळांनी जुन्या व्याख्यानांच्या कॅसेट संगणकावर उतरवल्या, संशोधकांनी जात्यावरच्या ओव्या आणि लोककलावंतांच्या मुलाखती टिपल्या. ही कामे करताना कष्ट घेणारी माणसे नंतरच्या जपणुकीचा विचार करत नाहीत, कारण तसे कोणी त्यांना सांगितलेलेच नसते.

सरकारी अनुदानाच्या पद्धतीचाही यात दोष आहे. डिजिटायझेशनच्या प्रकल्पांत स्कॅनरला पैसे असतात, पानामागे दर असतो, डिस्क विकत घ्यायला रक्कम असते. ‘काम पूर्ण’ म्हणजे डिस्क सुपूर्द. पाच वर्षांनी ती उघडते का, आतल्या फाइली जशाच्या तशा आहेत का, हे पाहण्याची तरतूदही असायला हवी. अनुदान देणाऱ्याने चेकसमची यादी मागावी, वर्षातून एकदा पडताळणीचा अहवाल मागावा आणि ठरावीक वर्षांनी डिस्क बदलण्याचा खर्च अर्जातच मान्य करावा. शासकीय नोकरीसाठी लाखो मराठी तरुणांनी केलेल्या एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांत फाइल सिस्टिमची तपासणी आणि बॅकअपची पडताळणी यांचे एक प्रत्यक्ष सत्र सक्तीचे व्हावे. डिस्क जोडायची, चूक शोधायची, चेकसम ताडायचा, इतके हाताने करून घ्यावे. फोटो विकणाऱ्या व्यावसायिकांनीही पेनड्राइव्ह हातात ठेवताना त्याची दुसरी प्रत करा, असे ग्राहकाला स्पष्ट सांगणे हा आपल्या कामाचा भाग मानावा.

दुसरी प्रत कुठे ठेवायची, हाही प्रश्न आहेच. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम जगभर मानला जातो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक वेगळ्या जागी. वेगळी जागा म्हणजे त्याच इमारतीतला वरचा मजला नव्हे. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ आणि २०२१ अशा दोन महापुरांत आपल्या ग्रंथसंपदेचे नुकसान सोसले आहे. कोकणातल्या संस्थेची एक प्रत देशावर असावी, कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठच्या संस्थेची पुण्यात किंवा सोलापुरात असावी. दोन वाचनालयांनी एकमेकांची डिस्क सांभाळायची असे ठरवले, तर याला पैसाही लागणार नाही.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि ग्रंथपडताळणी ही ग्रंथपालांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. त्याच पडताळणीत डिस्कांचे एक पान जोडावे. डिस्कचा क्रमांक, खरेदीचे वर्ष, फाइल सिस्टिम, स्मार्टचे तीन आकडे, चेकसम न जुळलेल्या फाइलींची संख्या, दुसरी प्रत कोणाकडे आहे त्या संस्थेचे नाव, तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याची सही. ग्रंथालय संचालनालयाने एका परिपत्रकाने हा नमुना ठरवून दिला, तर येत्या मार्चअखेरच्या पडताळणीपासून तो वापरात येऊ शकतो.